थ्री नॉट थ्रीच्या पोटात

मुरगुडात एन.सी.सी.ची खाकी चढवली की पोरगं स्वतःला फिल्डमार्शल समजायचं. मीही समजलो. फायरिंगला चांगली दांडगी रायफल हाती आली. चाप ओढला, तर दिवाळीतल्या टिकलीएवढा आवाज! म्हटलं, फसवलं.

पुढं वाचनात आलं ते असं. 1899 ते 1902च्या बोअर युद्धात इंग्रजांना आपल्या शिपायांच्या नेमबाजीची लाज वाटली. सराव वाढवावा, तर .303चं काडतूस महाग. (आमच्या बँकेत टाचण्या मोजून मिळतात, म्हणून हे दुःख मला कळतं.) मग जुन्या रायफलीची नळी आतून कोरून तीत .22ची बारीक नळी बसवली. या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कडेत असतो. ठोका मधोमध नव्हे, कडेला पडायला हवा. म्हणून बोल्टचं डोकंही बदललं. दस्ता तोच, खांद्याची सवय तीच. माझ्या हाती आली ती त्याच घराण्यातली.

2024 साली आमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं. काडतूस .22चंच! मी बायकोला ऐटीत म्हणालो, “ही गोळी मीपण झाडलीय.”

“लागली कुठं?”

लागली होती. बरोब्बर मधोमध. शेजारच्या पोराच्या टार्गेटवर.