निशाण हाती, हुकूम दुसऱ्याचा

घोडा, हत्यार आणि निशाण ही सत्तेची चिन्हे आहेत. ती कोणाला मिळावीत हे सत्ताधारी वर्गच ठरवीत आला. दलित नवरदेव घोड्यावर बसला की आपल्याकडे आजही काठ्या निघतात. म्हणूनच अमेरिकेतील काळ्या घोडेस्वारांचा इतिहास आपण डोळसपणे वाचला पाहिजे.

१८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. पुढच्याच वर्षी नववी व दहावी अशा घोडदळाच्या दोन रेजिमेंट काळ्या सैनिकांसाठी उभारण्यात आल्या. कागदावरची रचना गोऱ्यांसारखीच होती. रेजिमेंटमध्ये बारा कंपन्या, आणि प्रत्येकीला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर. रेजिमेंटचे निशाण पिवळ्या रेशमाचे. कंपनीचे निशाण लहान, दोन टोकांचे. १८८५ नंतर ते वर तांबडे, खाली पांढरे झाले. वर रेजिमेंटचा आकडा, खाली कंपनीचे अक्षर. धुळीत आणि गोळीबारात शब्द ऐकू येत नसे, तेव्हा स्वार निशाण पाहून आपली जागा धरी. पगारही गोऱ्या शिपायाइतकाच, महिना १३ डॉलर. शिवाय या रेजिमेंटच्या धर्मगुरूवर शिपायांना लिहायला-वाचायला शिकविण्याची जबाबदारी होती. ज्यांना काल अक्षर शिकविणे गुन्हा मानला जाई, त्यांना ही केवढी मिळकत!

पण हुकूम देणारे अधिकारी गोरे होते. वेस्ट पॉइंटमधून १८७७ साली उत्तीर्ण झालेला पहिला काळा पदवीधर हेन्री फ्लिपर दहाव्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. अपहाराच्या आरोपातून तो सुटला. तरीही अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन केल्याचा ठपका ठेवून १८८२ साली त्याला बडतर्फ केले गेले. त्याला माफी मिळाली १९९९ साली, मृत्यूनंतर!

आणि हे निशाण रोखले कोणावर? अपाची, कोमांची अशा मूलनिवासींवर. एका पीडिताच्या हातून दुसऱ्याची जमीन हिरावून घेतली गेली. हे कटू सत्य शौर्यगाथेखाली झाकता येणार नाही.

१ जुलै १८९८ रोजी क्यूबातील सान हुआनच्या टेकड्यांवर हे स्वार पायीच चढले. घोडे फ्लोरिडातच राहिले होते. गोऱ्यांच्या तिसऱ्या रेजिमेंटचा निशाणधारी पडला. दहाव्या रेजिमेंटच्या सार्जंट जॉर्ज बेरीने ते निशाण उचलले आणि आपले व त्यांचे, दोन्ही निशाणे टेकडीवर नेली. त्याच लढाईत असलेल्या थिओडोर रूझवेल्टने पुढच्या वर्षी लिहिले की काळे शिपाई गोऱ्या अधिकाऱ्यांवाचून लंगडे पडतात. दहाव्या रेजिमेंटच्या प्रेस्ली हॉलिडे या सैनिकाने त्याला वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिले. लेखणी हाती आली होती, ती वाया गेली नाही.

शेवटी १९४४ साली यंत्रयुद्धाच्या काळात या रेजिमेंट मोडल्या गेल्या. त्यांतील बहुतेकांना रणगाडे मिळाले नाहीत. त्यांना ओझी वाहणाऱ्या, रस्ते-गोद्यांवर राबणाऱ्या तुकड्यांत पाठविण्यात आले.

हा अनुभव आपल्याला परका नाही. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी गरज सरताच बंद केली. तिच्याविरुद्ध १८९४ साली अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातले निवृत्त शिपाई होते. निशाण धरण्याचा मान आणि ते कोणावर चालवावे हे ठरविण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरीचा लढा सोडणारा समाज पुन्हा ओझीच वाहतो.