सायकलस्वारांनी नदी कोठून ओलांडावी?

पुण्यात रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांना मुठा नदी ओलांडताना केवळ जवळचा पूल निवडून चालत नाही. पुलाच्या मध्यभागापेक्षा त्याच्या दोन्ही टोकांना अपघाताची शक्यता अधिक असते. कारण तेथे वळणारी व सरळ जाणारी वाहने एकमेकांचा मार्ग छेदतात.

लकडी पूल (संभाजी पूल) : अंतर कमी, परंतु पेठांकडील टोकाला अलका टॉकीजच्या चौकात लक्ष्मी, टिळक व शास्त्री हे रस्ते एकत्र येतात. गर्दीच्या वेळी उतरून पादचारी मार्गाने सायकल हाती धरून चौक ओलांडणे श्रेयस्कर.

झेड पूल : हा दुचाकींसाठीच असल्याने बस व ट्रकचा धोका नाही. मात्र चढ-उतार व वळणे असल्याने उतारावर वेग आवरावा.

भिडे पूल : सखल असल्याने चढ नाही, पण खडकवासला धरणातून विसर्ग वाढताच तो पाण्याखाली जातो. वाहते पाणी गुडघ्याखाली असले तरी सायकल ओढून नेऊ शकते. अडथळे लावले असल्यास ते ओलांडू नयेत. पावसाळ्यात विसर्गाची बातमी पाहूनच घर सोडावे.

पुलाच्या जोडांवरील लोखंडी पट्ट्या पावसात निसरड्या होतात. त्या काटकोनात ओलांडाव्यात; त्यांवर ब्रेक दाबू नये.

नेहमीच्या मार्गाबरोबर उंचावरील एक पर्यायी पूल ठरवून ठेवावा आणि सुटीच्या सकाळी त्यावरून एकदा जाऊन यावे. दहा मिनिटे अधिक लागली, तरी तो मार्ग जवळचाच समजावा.