मुळे, सांधे आणि माणूस : मलवाहिनीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

घराची मुख्य मलवाहिनी तुंबते, चेंबर उघडले जाते आणि आतून केसांसारख्या बारीक मुळांचा जुडगा बाहेर येतो. पिंपळाने पाइप फोडला, असा निवाडा तत्काळ होतो आणि कुऱ्हाडीचा शोध सुरू होतो. वनस्पतिशास्त्राची साक्ष वेगळी आहे. धडधाकट नळी मूळ सहसा फोडत नाही. आधीच गळणाऱ्या सांध्यातून ते आत शिरते. म्हणून या उपद्रवाचा इतिहास हा मुख्यतः सांध्याचा इतिहास आहे.

रायपूरच्या भूमीवर ही गोष्ट नीट उमगते. छत्तीसगढचा शेतकरी जमिनीला भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे देतो. त्यांतील कन्हार ही काळी, चिकण माती म्हणजे विदर्भाच्या काळ्या मातीची बहीणच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीत पुरलेली नळी दरवर्षी किंचित हलते आणि त्या हालचालीचा ताण प्रथम सांध्यावर येतो.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगढचा कारभार रतनपुराहून चाले. 1818 मध्ये कर्नल ॲग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने मुख्यालय रायपूरला आणले, आणि 2000 मध्ये हे तलावांचे गाव राज्याची राजधानी झाले. शहर वाढले, तसे उघड्या नाल्यांतून वाहणारे पाणी जागोजागी जमिनीखालच्या नळ्यांत गेले. उघड्या नाल्यात शिरलेले मूळ डोळ्यांना दिसते व हाताने उपटता येते. पुरलेल्या नळीतले मूळ तुंबल्यावरच कळते.

ही अडचण आजची नव्हे. इ.स. 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्रॉन्टिनसने जलवाहिन्यांवर एक ग्रंथ लिहिला. झाडांची मुळे वाहिन्यांच्या कमानी आणि भिंती उकलतात, अशी तक्रार त्यात आहे. त्याने इ.स.पूर्व 11 मधील सिनेटचा ठरावही नोंदविला आहे. त्यानुसार झरे, कमानी व भिंती यांच्या दोन्ही बाजूंस 15 फूट, तर शहरातील भूमिगत वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंस 5 फूट जागा मोकळी ठेवायची होती. पाण्याची वाट आणि झाड यांच्यात अंतर हवे, हा नियम असा दोन हजार वर्षांचा आहे.

परंतु मूळ पाण्याकडे वळते कसे, हे रोमनांना ठाऊक नव्हते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्स याने 1872 मध्ये ओल्या भुश्शाने भरलेली चाळणी तिरकी टांगून तीत बिया रुजविल्या. चाळणीच्या छिद्रांतून खाली आलेली मुळे गुरुत्वाची दिशा सोडून ओल्या पृष्ठभागाकडे वळली. 1880 मध्ये चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी मुळांच्या टोकांना तेल व काजळी यांचा लेप दिला. तेव्हा मुळे ओलाव्याकडे वळेनाशी झाली. ओलाव्याची जाणीव टोकाशी असते, हा त्यांचा निष्कर्ष. या गुणधर्मास जलानुवर्तन म्हणतात. गळका सांधा भोवतालच्या मातीत ओलावा आणि नत्रयुक्त पोषण सोडतो. टोक तिकडे वळते, फटीतून आत जाते आणि आत त्याला अखंड अन्न मिळते. मग ते जाड होते आणि फट रुंदावते. नळी फुटते ती या शेवटच्या टप्प्यात.

नेमक्या याच काळात शहरे सांध्यांनी भरून गेली होती. 1846 मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात हेन्री डूल्टनने झिलईदार स्टोनवेअर नळ्यांचा कारखाना काढला. पुढे अशाच नळ्या भारतातही आल्या. दोन नळ्यांच्या जोडात डांबरात भिजविलेली सुतळी ठासून वर सिमेंट भरण्याची रीत रूढ झाली. नळी शतकभर टिके. ताठर सिमेंट मात्र जमीन हलताच तडकत असे.

उपायांचा क्रमही बोलका आहे. मोरचूद ओतून मुळे मारण्याची प्रथा जुनी. पण ते तांबे पुढे सांडपाण्यातील उपयुक्त जिवाणूंना आणि माशांना बाधते. 1930च्या दशकात अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लँक याने धुलाईयंत्राची मोटर वापरून फिरत्या पात्यांचे यंत्र बनविले. त्याने वाट मोकळी होते, परंतु छाटलेले मूळ पुन्हा फुटते. 1971 मध्ये लंडनमध्ये एरिक वुडने राळेत भिजविलेले नमद्याचे अस्तर जुन्या वाहिनीत घालून तिथेच कठीण केले. आतून सलग झालेल्या नळीला सांधाच उरला नाही, आणि दुरुस्ती प्रथमच मूळ कारणापर्यंत पोहोचली.

आपल्याकडे या यंत्रांच्या जागी बहुधा माणूस उतरविला गेला. बंद वाहिनीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याची सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. पण प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि धोक्याची सूचना मिळणे थांबते. 2013च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1993पासून अशा कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला; 20 ऑक्टोबर 2023 रोजी भरपाईची ही रक्कम 30 लाख झाली. कायदा घरमालकालाही लागू आहे, हे विसरता कामा नये.

तेव्हा मलवाहिनीत मुळे सापडली, तर आधी कॅमेरा आत सोडून सांधा तपासावा. रबरी कडीचा लवचीक जोड वा सलग अस्तर हा टिकाऊ उपाय. नवे घर बांधताना वड, पिंपळ, उंबर यांना वाहिनीपासून दूर जागा द्यावी. झाड तोडूनही सांधा गळतच राहील, आणि शेजारचे दुसरे मूळ तिकडे वळेल. तुंबलेल्या चेंबरात माणूस मात्र कधीही उतरवू नये. सांध्यातील कसुरीची किंमत त्याने प्राणांनी का मोजावी?

#विज्ञानाचा_इतिहास #वनस्पतिशास्त्र #रायपूर