भोपाळच्या बेगमा

भोपाळच्या बेगमा : मध्य भारतातील भोपाळ संस्थानचा कारभार १८१९ ते १९२६ या काळात पाहणाऱ्या, एकमेकींशी आई-मुलीच्या नात्याने जोडलेल्या चार स्त्रिया. कुदसिया, सिकंदर, शाहजहान व सुलतान जहान अशी त्यांची नावे होत. मधली १८३७–४४ ही वर्षे सोडल्यास सुमारे शंभर वर्षे संस्थानची सूत्रे मुख्यतः त्यांच्या हाती होती. वसाहतकालीन भारतात अनेक राण्यांनी अज्ञान वारसांच्या वतीने राज्य केले. परंतु स्त्रीला स्वतःच्या अधिकाराने गादीवर बसता येते काय, हा प्रश्न भोपाळइतका दीर्घकाळ अन्यत्र क्वचितच लढविला गेला.

पार्श्वभूमी : अफगाण सरदार दोस्त मुहम्मदखान (मृ. १७२८) याने भोपाळचे राज्य स्थापन केले. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी १८१२-१३ च्या सुमारास शहरास घातलेला वेढा वजीर मुहम्मदखानाने चिवटपणे परतवून लावला. त्याचा मुलगा नजर मुहम्मदखान याने १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून तिचे संरक्षण स्वीकारले. तेव्हापासून वारसाविषयीचा अखेरचा निर्णय ब्रिटिशांच्या हाती गेला. पुढील सर्व घडामोडींचे मर्म या गोष्टीत आहे.

कुदसिया बेगम (कार. १८१९–३७) : १८१९ मध्ये पिस्तुलाची गोळी अपघाताने सुटून नजर मुहम्मद मरण पावला. त्याची विधवा कुदसिया बेगम (मूळ नाव गौहर) त्या वेळी अवघी अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि सिकंदर ही तिची एकुलती एक तान्ही मुलगी होती. सिकंदरने घराण्यातील पुरुषाशी विवाह करावा, तिचा पती नवाब व्हावा आणि तोवर कुदसियाने कारभार पाहावा, अशी तडजोड कंपनीच्या संमतीने ठरली. म्हणजे स्त्रीकडे आलेली सत्ता ही भावी जावयाची ठेव होती. कुदसियाने पडदा झुगारला व कारभार स्वतः पाहिला. शहराची जामा मशीद तिने बांधविली आणि पुढे रहिवाशांना विनामूल्य पाणी मिळावे म्हणून नळयोजना केली. नियोजित जावई मुनीर मुहम्मद सत्तेसाठी उतावीळ झाल्याने तिने ती सोयरीक मोडली व त्याचा धाकटा भाऊ जहांगीर मुहम्मद याची निवड केली. १८३५ मध्ये विवाह झाला. पण जावई व सासू यांच्यात उघड लढाई जुंपली. अखेर ब्रिटिशांनी मध्यस्थी करून १८३७ मध्ये जहांगीरला नवाब केले व कुदसियाला जहागीर देऊन दूर सारले.

सिकंदर बेगम (कार. १८४४–६८) : जहांगीरने गर्भवती पत्नीवर तलवार चालविल्याचे सांगितले जाते. सिकंदर आईसह इस्लामनगरला जाऊन राहिली व तेथे १८३८ मध्ये तिला शाहजहान ही मुलगी झाली. १८४४ मध्ये जहांगीर मरण पावला, तेव्हा ब्रिटिशांनी बालिका शाहजहानला वारस मानले. मात्र प्रत्यक्ष अधिकार तिच्या भावी पतीकडे जावा, हेच जुने सूत्र पुन्हा पुढे केले. आरंभी कारभार सिकंदर व तिचा मामा फौजदार मुहम्मदखान यांच्याकडे संयुक्तपणे होता. ही व्यवस्था कोलमडल्यावर १८४७ मध्ये सिकंदर एकटीच पालक-राज्यकर्ती झाली.

संस्थान कर्जात बुडाले होते. सिकंदरने महसुलाची मक्तेदारी बंद करून जमिनीची पाहणी केली, राज्याचे तीन जिल्हे पाडले, त्यांवर अधिकारी नेमले आणि सैन्य व पोलीस यांची पुनर्रचना केली. ती घोड्यावरून मुलखात हिंडत असे व दप्तर स्वतः तपाशीत असे. १८५५ मध्ये शाहजहानचा विवाह बाकी मुहम्मदखानाशी झाला, तेव्हा जावयाला केवळ मानाचे स्थान मिळेल, सत्ता मिळणार नाही, ही गोष्ट सिकंदरने ब्रिटिशांकडून मान्य करून घेतली. छत्तीस वर्षांपूर्वीचे सूत्र अशा रीतीने मोडले.

१८५७ च्या उठावात सीहोर येथील भोपाळ कंटिंजंटच्या शिपायांनी बंड करून स्वतःचे शासन घोषित केले. सिकंदरच्या आप्तांत व प्रजेत बंडाविषयी सहानुभूती असूनही ती ब्रिटिशांच्या बाजूस राहिली. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याने सीहोरला अनेक शिपायांना देहान्त शिक्षा दिली. गढी अंबापानीचा जहागीरदार फाझिल मुहम्मदखान यास राहतगड येथे फाशी देण्यात आले. दुसरीकडे झाशीत राणी लक्ष्मीबाईने दत्तक पुत्राच्या हक्कासाठी केलेले अर्ज १८५४ मध्ये फेटाळले गेले होते व संस्थान खालसा झाले होते. सिकंदरला मात्र निष्ठेचे फळ मिळाले. बैरसिया परगणा तिला देण्यात आला आणि १८६० मध्ये शाहजहानने गादीवरील हक्क सोडल्यावर ब्रिटिशांनी सिकंदरला स्वतःच्या अधिकारातील राज्यकर्ती म्हणून मान्यता दिली. जो हक्क ती न्यायाने मागत होती, तो तिला बक्षीस म्हणून मिळाला. १८६३-६४ मध्ये तिने मक्केची यात्रा केली. तिचा वृत्तांत १८७० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

शाहजहान बेगम (कार. १८६८–१९०१) : पहिल्या पतीच्या निधनानंतर शाहजहानने १८७१ मध्ये धर्मशास्त्राचा विद्वान सिद्दीक हसनखान याच्याशी विवाह केला व ती पडद्यात गेली. त्याच्या काही लेखनात ब्रिटिशांना राजद्रोह दिसला. कारभारातील त्याची ढवळाढवळही त्यांना खुपत होती. १८८५ मध्ये त्याचे किताब काढून घेण्यात आले. या प्रकरणाने बेगमेच्या स्वातंत्र्याची मर्यादाही उघड झाली : तिने कोणाचा सल्ला घ्यावा, हेदेखील रेसिडेन्सी ठरवू लागली. मुलगी सुलतान जहानशी आलेले वितुष्ट अखेरपर्यंत मिटले नाही. शाहजहानने इतिहास व स्त्रियांच्या आचारविचारांवर ग्रंथ लिहिले, ताज-उल-मसाजिद या भव्य मशिदीचे काम सुरू केले (ते १९८५ मध्ये पूर्ण झाले) आणि इंग्लंडमधील वोकिंगच्या मशिदीस (१८८९) देणगी दिली. भोपाळला रेल्वे तिच्याच काळात आली. शेवटच्या वर्षांत दुष्काळाने संस्थानची दैना झाली. १८९१ ते १९०१ या दशकात लोकसंख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली.

सुलतान जहान बेगम (कार. १९०१–२६) : रिकामा खजिना व ओसाड गावे हा तिचा वारसा होता. तिने जमीनमहसुलाची घडी बसविली, १९०३ मध्ये मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली व १९२२ मध्ये विधिमंडळ स्थापन केले. बुरख्यात राहूनच ती परिषदांतून भाषणे करी. १९१४ मध्ये अलीगढ येथे स्थापन झालेल्या मुस्लिम स्त्रियांच्या परिषदेत ती प्रमुख होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची ती पहिली कुलपती असून १९३० मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिली. तिच्या दोन्ही मुली लहानपणीच वारल्या व १९२४ मध्ये दोन थोरले मुलगेही निवर्तले. तेव्हा थोरल्या नातवाऐवजी तिसरा मुलगा हमीदुल्लाखान यास गादी मिळावी म्हणून तिने लंडनपर्यंत जाऊन दाद मागितली आणि दावा मान्य होताच १९२६ मध्ये त्याच्यासाठी गादी सोडली. हमीदुल्लाची थोरली मुलगी आबिदा सुलतान १९२८ मध्ये वारस ठरली. परंतु १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला व पुढे आबिदा पाकिस्तानात गेली.

मूल्यमापन : या बेगमांच्या कर्तृत्वाने स्त्री राज्य चालवू शकते की नाही, हा वाद भोपाळपुरता निकालात काढला. महसूल, शिक्षण व नगररचना यांत त्यांनी केलेले काम टिकले. तथापि त्यांचा हक्क कोणत्याही कायद्याने निश्चित झाला नाही. प्रत्येक पिढीला तो ब्रिटिशांकडून नव्याने मिळवावा लागला. १८५७ साली सीहोरच्या शिपायांविरुद्ध घेतलेली बाजू ही या मान्यतेची किंमत होती, हे त्यांच्या यशाचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.