सांताक्रूझचा कठडा

ऑगस्ट १९७०. मुंबईचं सांताक्रूझ विमानतळ. पाऊस नुकताच थांबलाय, रात्र दमट आहे.

तुम्ही दाराशी उभे आहात. एकेका प्रवाशामागे पंधरा-वीस माणसं, टॅक्स्या भरभरून आलेली. तुमची नजर एका मुलावर थांबते. अमेरिकेला एम. एस. करायला निघालाय. वीस किलोंच्या मर्यादेत बसेना म्हणून गरम सूट अंगावर, मेतकुटाची पुडी कोटाच्या खिशात. पाकिटात सरकारी नियमाने मिळालेले आठ डॉलर. साडेसातच्या भावाने साठ रुपये. तो सगळ्यांच्या पाया पडतो आणि वाकताना निशिगंधाचा हार दरवेळी फरशीला टेकतो. मग हार काढून आईच्या हातात देतो आणि आत जातो.

गर्दी वर गॅलरीकडे धावते. तुम्हीही धावता.

समोर बोइंग ७०७. एअर इंडियाच्या या विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं आहेत: नंदादेवी, गौरीशंकर. ओल्या तळावरून प्रवासी चालत शिडीकडे निघतात. इतक्या लांबून चेहरे दिसत नाहीत. तरी शेजारून आवाज येतो, "तो बघा, डावा खांदा पाडून चालतोय ना, तो आमचा!" आईने चालीवरून ओळखलंय.

शिडीच्या वरच्या पायरीवर प्रत्येक जण मागे वळतो. अंधारातल्या गॅलरीत त्याला स्वतःचं माणूस दिसणं शक्य नाही, म्हणून तो सगळ्यांनाच हात करतो. आणि सगळा कठडा हात हलवतो. ज्यांचं कुणी त्या शिडीवर नाही, तेसुद्धा. तुमचाही हात वर गेलेला असतो.

ट्रंक कॉल महाग, पत्राला आठ-दहा दिवस. ही नजर पुढची दोन-तीन वर्षं पुरवायची आहे. म्हणून विमानाचा लाल दिवा ढगात शिरला तरी कठड्यावरून कुणी हलत नाही.

"तुमचं कोण गेलं?" ती माऊली विचारते.

'कुणी नाही' म्हणायला तुमची जीभ रेटत नाही. गेला तासभर तुम्ही तिच्याच मुलाला बघत होतात. ती उत्तरासाठी थांबतही नाही. "जरा धरता?" म्हणत हार तुमच्या हातात देते आणि पदराने डोळे पुसते.

हार ओला आहे. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरता.