साथीतला टपालवाला : पत्राला धुरी मिळाली, माणसाला काय मिळाले? (धागा)

१/ माहूरला रेल्वे नाही. रेणुकामातेचे आणि दत्तशिखराचे हे गाव पैनगंगेच्या वळणात, डोंगरांच्या कुशीत वसले आहे. टपालाची थैली येथे रस्त्यानेच चढते आणि पुढे गोंड, कोलाम, बंजारा वस्त्यांपर्यंत कोणीतरी ती पोहोचवतो. २०२० च्या टाळेबंदीत मंदिर बंद झाले, एसटी थांबली, बाजार ओस पडला. टपाल मात्र अत्यावश्यक सेवेत राहिले. साथीच्या काळात हे टपाल वाहणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी इतिहासात कोणी, कधी आणि किती केली, ते या धाग्यात पाहू.

२/ आरंभी काळजी होती ती पत्राची. भूमध्य सागराच्या बंदरांत प्लेगच्या भयाने शतकानुशतके पत्रांना धुरी दिली जाई. त्यांना चिरा पाडून आत धूर सोडत, कधी ती व्हिनेगरमध्ये बुडवत. अशी डागाळलेली पत्रे आज संग्राहक मोठ्या हौसेने जपतात. या साऱ्या खटाटोपात जपला जाई तो पत्र घेणारा. थैली खांद्यावर वाहणारा त्या हिशेबात नव्हता.

३/ १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्याने सरकारला प्रवासी तपासण्याचे, अडवण्याचे आणि वेगळे ठेवण्याचे अधिकार दिले. चौथ्या कलमाने अंमलदारांना संरक्षणही दिले. पण ते रोगापासून नव्हे, कोर्टातल्या दाव्यांपासून!

४/ शास्त्र पुढे सरकले तशी पत्रावरची शंका मावळली. पॅरिसच्या १९०३ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात पत्रे, पुस्तके, वृत्तपत्रे यांना निर्जंतुकीकरणाच्या बंधनातून मोकळे केले गेले. पत्र निर्दोष ठरले. पण टपालकचेरीत खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

५/ त्याचे उत्तर १९१८ ने दिले. १० जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. पुढच्या काही दिवसांत आजारी पडले ते जहाज कंपनीचे, पोर्ट ट्रस्टचे, बँकेचे, टांकसाळीचे, गिरणीचे आणि तारखात्याचे कर्मचारी. ही यादी नीट पाहा. ती घराण्यांची वा गल्ल्यांची नाही, कामाच्या ठिकाणांची आहे. इन्फ्लुएंझा शहरात शिरला तो नोकरीच्या दारातून. पुढे रेल्वेमार्गाने तो देशभर गेला. भारतातील मृत्यूंचे अंदाज कोटीच्या पुढे जातात.

६/ माहूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाचे स्वतंत्र टपालखाते होते, १८६९ पासून स्वतःची तिकिटेही होती. १९५० मध्ये ते भारतीय टपालात विलीन झाले. राज्य बदलले, तिकीट बदलले. खेड्यातला टपालाचा माणूस मात्र अर्धवेळ, अल्प मोबदल्यावर, खात्याच्या उंबरठ्यावरच उभा राहिला. कागदोपत्री त्याचे नाव होते ‘खात्याबाहेरचा’ कर्मचारी. आज त्याला ग्रामीण डाकसेवक म्हणतात.

७/ १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे पद नागरी पदच आहे आणि माणसाला वाटेल तसे काढून टाकता येणार नाही. तरीही नियमित कर्मचाऱ्याचे वेतन आणि निवृत्तिवेतन दूरच राहिले. २०१८ च्या मे-जूनमध्ये देशभरातले डाकसेवक संपावर गेले, तेव्हा कुठे चार आणि पाच तासांच्या कामाचा नवा मोबदला मंजूर झाला. महामारी त्यांच्या दारी आली ती यानंतर दोनच वर्षांनी.

८/ आता २०२० चा एक विरोधाभास. मार्चच्या आरंभीच केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांतील बोटांच्या ठशांची हजेरी थांबवली. कारण उघड होते : एकाच काचेवर अनेकांची बोटे. त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी लागली, एप्रिलमध्ये जनधन खात्यांत महिलांचे पाचशे रुपये येऊ लागले, आणि ते घरपोच देण्याचे काम टपाल बँकेच्या यंत्रावर आले. ते यंत्र चालते कशावर? बोटाच्या ठशावर!

९/ दृश्य डोळ्यांपुढे आणा. सहा फूट अंतर राखा, असे सरकार सांगत होते. पण शेतात राबून झिजलेला म्हातारीचा अंगठा पहिल्या खेपेस उमटत नाही. दोनदा, तीनदा दाबावा लागतो. बोट पुसावे लागते, कधी हात धरून ठेवावा लागतो. मग नोटा मोजून हातावर द्यायच्या. कार्यालयात जो धोका अमान्य झाला, तोच खेड्याच्या ओसरीवर सेवा ठरला. ही सेवा गरजेची होती यात शंका नाही. बँक कोसावर आणि एसटी बंद, अशा वेळी तिच्याविना चूल पेटली नसती. म्हणूनच ती देणाऱ्याच्या सुरक्षेचा प्रश्न अधिक गंभीर होतो.

१०/ एप्रिल २०२० मध्ये टपाल खात्याने जाहीर केले, की कर्तव्यावर असताना कोविडने मृत्यू आल्यास कुटुंबास दहा लाख रुपये मिळतील. यात ग्रामीण डाकसेवकही होते. मोबदल्यात आणि निवृत्तिवेतनात जो बरोबरीचा नव्हता, तो मृत्यूच्या भरपाईत बरोबरीला आला. आरोग्यकर्मचाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या विम्याची रक्कम होती पन्नास लाख.

११/ त्याच एप्रिलमध्ये १८९७ च्या कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा ठरली. योग्यच झाले. टपालवाल्याचा नामोल्लेख मात्र तेथेही नाही. ‘कर्तव्यावर असताना’ या शब्दांतही एक अडचण दडली आहे. विषाणू शरीरात शिरतो एका दिवशी, ताप येतो काही दिवसांनी. तो कोणत्या ओसरीवरून आला, हे विधवेने कसे सिद्ध करावे?

१२/ भरपाई आणि सुरक्षा यांत हा फरक आहे. भरपाई मृत्यूनंतर येते. सुरक्षा त्याच्या आधी यावी लागते. मुखपट्टी, जंतुनाशक, बटवड्याची बदललेली पद्धत, आजारपणात मोबदला न कापता मिळणारी रजा या गोष्टी वरवर क्षुल्लक दिसतात, पण जीव वाचतो तो त्यांनीच. १८९७ चा कायदा अंमलदाराला दाव्यापासून वाचवत होता. त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटली, तरी थैली वाहणाऱ्याला रोगापासून वाचवणारे कलम आपण लिहिले का?

१३/ तरुण मित्रांनो, साथीचा इतिहास आकड्यांतून आणि आदेशांतून लिहिला जातो. अंगठ्याच्या यंत्रामागे उभा असलेला माणूस त्यातून निसटतो. तुमच्या गावच्या शाखा डाकघरात जा. २०२० मध्ये बटवडा करणाऱ्याशी बोला. तेव्हा त्यांना काय मिळाले, काय मिळाले नाही, कशाचे भय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. १९१८ च्या टपालवाल्यांना हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. २०२० चे अजून आहेत.

(समाप्त)