स्वमग्न मुलांचे ‘कठीण’ वर्तन : समजुतीचा इतिहास

‘स्वमग्नता’ या मराठी शब्दातच एक जुना समज दडलेला आहे. ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरली होती. स्वतःतच बुडालेला, असा तिचा रोख. पुढे ती मुलांना लागू झाली आणि आपण तिचे शब्दशः भाषांतर केले.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. मोठ्या आवाजाची भीती आणि बदल सहन न होणे, दोन्ही त्यात नोंदलेले आहे. म्हणजे किंचाळण्याची कारणे तेव्हाच समोर होती. पण लक्ष गेले आईवडिलांच्या ‘थंड’ स्वभावाकडे. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने हा आरोप आणखी पसरवला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हे जैविक कारणांचे काम आहे असे पुस्तक लिहून मांडले होते. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते.

वर्तनावर थेट काम केले लोवास यांनी, लॉस एंजेलिसमध्ये. त्यांच्या पद्धतीने अनेक मुले शिकली हे खरे. पण सुरुवातीच्या काळात विजेचे झटके आणि चापट्याही त्यात होत्या. हा भाग टाळून इतिहास शिकवू नये असे माझे मत आहे.

खरे वळण आले १९८२ मध्ये. इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांची परिस्थिती पद्धतशीरपणे बदलून पाहिली : कधी लक्ष दिले, कधी काम सांगितले, कधी एकटे ठेवले. एकच वर्तन, पण प्रत्येकाचे कारण वेगळे निघाले. आपल्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. इनपुट बदलून प्रणालीचा प्रतिसाद मोजणे, तेच हे. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी पुढचे पाऊल टाकले. काम अवघड वाटले तर मदत कशी मागायची, हे मुलांना शिकवले, आणि आदळआपट कमी झाली.

माझ्या भाच्याचे उदाहरण देतो. जबलपुरात दुर्गोत्सवात चौकाचौकांत लाउडस्पीकर असतात. तो डोके भिंतीवर आपटू लागला की सगळे म्हणत, हट्टी आहे, दोन फटके द्या. ताईने महिनाभर वहीत लिहून ठेवले : काय घडले, त्याआधी काय होते, नंतर त्याला काय मिळाले. मग कान झाकणारे हेडफोन आले आणि ‘बाहेर’ दाखवणारे एक चित्र. चित्र दाखवले की त्याला बाहेर नेतात. आपटणे अजून अधूनमधून होतेच, पण आता बरेच कमी.

भारतात पालकच पुढे आले. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९० च्या दशकात ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ सुरू केली. कायदा मात्र रेंगाळला. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या सर्वसाधारण कायद्यात थेट २०१६ मध्ये.